युरोपच्या स्पर्धा धोरणावर रिसर्च करायचाय? मग एक केस धरा आणि तिच्या मागे लागा

इकॉनॉमिक्स, लॉ किंवा पब्लिक पॉलिसी करणारी मुलंमुली हल्ली युरोपच्या स्पर्धा धोरणावर डिसर्टेशन करायचं म्हणतात, काहीजण पुण्या-मुंबईत बसून, काहीजण जर्मनी-नेदरलँड्सला मास्टर्स करताना, आणि दहातल्या आठजणांचा विषय असतो ‘युरोपियन युनियनचं स्पर्धा धोरण: आव्हानं आणि सुधारणा’. मनापासून सांगतो, असा विषय घेऊ नका. त्यातून ऐंशी पानं भरतात, पण कुणाच्या कामाला येईल असं एक वाक्यही हाती लागत नाही. धोरण सुधारावं असं म्हणायचं असेल तर आधी हे कळायला हवं की अमुक एक निर्णय झाला, त्यानंतर बाजारात नेमकं काय झालं, भाव वाढले की उतरले, नवीन कंपनी आली की होती तीही गेली. तेवढं एक नीट मोजलंत तरी तुमचं काम शंभर जणांपेक्षा वेगळं ठरतं. ते कसं करायचं तेच खाली लिहिलंय, थोडं लांबलंय पण विषयच तसा आहे.

आधी पाया, झटपट

युरोपियन युनियनच्या करारातली तीन कलमं पाठ पाहिजेत. १०१ म्हणजे कंपन्यांनी आपापसात साटंलोटं करणं, कार्टेल वगैरे. १०२ म्हणजे बाजारात दादागिरीची जागा असलेल्या कंपनीने तिचा गैरवापर करणं. १०७ म्हणजे सरकारने आपल्या लाडक्या कंपनीला पैसे देऊन स्पर्धा बिघडवणं, हे शेवटचं भारतात जवळपास नाहीच म्हणून आपल्याकडच्या लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. याशिवाय मर्जरचा वेगळा कायदा आहे, २००४ चा. तपास आणि निर्णय ब्रुसेल्समधलं युरोपियन कमिशन करतं, त्यावर अपील लक्झेंबर्गला, आधी जनरल कोर्ट मग वरचं कोर्ट ऑफ जस्टिस. आणि १ मे २००४ पासून १०१ आणि १०२ ही कलमं देशोदेशीच्या संस्थाही लावतात, म्हणजे बॉनमधलं जर्मन बुंडेसकार्टेलआम्ट, पॅरिसची फ्रेंच संस्था, इटलीची, नेदरलँड्सची. हे लक्षात ठेवा कारण बऱ्याचदा चांगला डेटा ब्रुसेल्समध्ये नसतो, या देशांतल्या संस्थांकडे असतो.

भारताचा २००२ चा स्पर्धा कायदा वाचला असेल तर ओळखीचं वाटेल. आपलं कलम ३ आणि ४ बरंचसं १०१ आणि १०२ च्या धर्तीवर आहे. त्यामुळे तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही.

प्रश्न कसा निवडायचा

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे दंडाचे आकडे. गूगलला २०१७ मध्ये शॉपिंगच्या केसमध्ये २.४२ अब्ज युरो दंड झाला, २०१८ मध्ये अँड्रॉइडसाठी ४.३४ अब्ज, आणि लोक हे आकडे टेबलात मांडून निष्कर्ष काढतात की युरोप कडक आहे. पण दंड म्हणजे परिणाम नव्हे हो. इंटेलचं बघा. मे २००९ मध्ये १.०६ अब्ज युरो दंड, २०१४ मध्ये जनरल कोर्टाने तो कायम केला, २०१७ मध्ये वरच्या कोर्टाने परत पाठवला, २०२२ मध्ये जनरल कोर्टाने दंड रद्द केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कमिशनचं अपील फेटाळलं गेलं, म्हणजे निर्णयापासून पंधरा वर्षं. मधल्या काळात आख्खा चिप उद्योग बदलला, लोक डेस्कटॉपवरून मोबाईलवर गेले. गूगल शॉपिंगचा तपास नोव्हेंबर २०१० मध्ये उघडला आणि शेवटचा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये लागला. गूगलचीच अ‍ॅडसेन्सची केस, २०१९ चा १.४९ अब्जांचा दंड, तो तर २०२४ मध्ये जनरल कोर्टाने रद्दच केला.

आता यातून खरा प्रश्न कुठला निघतो? ‘युरोप कडक आहे का’ हा नाही. प्रश्न असा निघतो की तपास सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंत त्या बाजारातल्या छोट्या कंपन्यांचं काय झालं, किती उरल्या, आणि जो उपाय लावला तो त्यांच्यापर्यंत पोचला का. असा प्रश्न मोजता येतो. म्हणून माझा सल्ला, प्रश्न लिहिताना त्यात एक बाजार, एक निर्णय, एक तारीख आणि एक मोजता येणारी गोष्ट हवीच, म्हणजे भाव, कंपन्यांची संख्या, गुंतवणूक, असं काहीतरी. यातलं एक जरी नसेल तर तो प्रश्न अजून कच्चा आहे, गाइडकडे जाऊ नका, परत लिहा.

केस फाइल शोधणं आणि वाचणं

कमिशनच्या साइटवर केस शोधायची सोय आहे आणि प्रत्येक केसला नंबर असतो. नंबर ‘एम’ने सुरू झाला तर मर्जर, ‘एटी’ने सुरू झाला तर कार्टेल किंवा वर्चस्वाची केस, ‘एसए’ म्हणजे सरकारी मदत. गूगल शॉपिंग एटी.३९७४०, ट्रक कार्टेल एटी.३९८२४, सीमेन्स-आल्स्टॉम एम.८६७७. नंबर हातात असला की प्रेस नोट, पूर्ण निर्णय, कंपन्यांनी दिलेली आश्वासनं, सगळं एका पानावर मिळतं. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही.

प्रेस नोट फक्त ओळख म्हणून वाचा, ती कमिशनने स्वतःच्या बाजूने लिहिलेली असते. पूर्ण निर्णय उघडला की घाबरायला होतं, मोठ्या केसमध्ये शेकडो पानं, प्रत्येक परिच्छेदाला नंबर, आणि जागोजागी चौकटी कंसात तीन टिंबं. ती टिंबं म्हणजे कंपनीचं व्यावसायिक गुपित म्हणून झाकलेला मजकूर. काही ठिकाणी आकड्याऐवजी रेंज दिलेली असते, म्हणजे मार्केट शेअर ‘२० ते ३० टक्के’ असा. नवखे लोक इथे मधला २५ धरून पुढे जातात आणि तसं कुठे सांगतही नाहीत. तसं करू नका, खालच्या टोकाने एकदा आणि वरच्या टोकाने एकदा हिशोब करा आणि दोन्ही उत्तरं द्या. निष्कर्ष दोन्हीकडे तोच येत असेल तर उत्तम, बदलत असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा.

वाचायचा क्रम माझा असा असतो: आधी बाजाराची व्याख्या, मग शेवटचे उपाय, मग मधला युक्तिवाद. बाजाराची व्याख्या आधी का, तर अर्धी भांडणं तिथेच असतात. पद्धत सोपी आहे, एखाद्या वस्तूचा भाव ५ ते १० टक्के वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल का, एवढ्या संख्येने जाईल का की भाववाढ अंगाशी येईल? जाईल तर ती दुसरी वस्तूही त्याच बाजारात धरायची. कमिशनची याबद्दलची जुनी नोटीस १९९७ ची होती, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बदलली, ज्या सेवांना पैसेच लागत नाहीत, सर्चसारख्या, तिथे भावाऐवजी दर्जा बघायचा वगैरे गोष्टी आता लिहून आल्यात. दोन्ही नोटिसा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर धोरण कुठून कुठे सरकलं हे एका दुपारी कळतं.

जर्मनीची सीमेन्स आणि फ्रान्सची आल्स्टॉम यांची केस यासाठी फार चांगली. ६ फेब्रुवारी २०१९ ला कमिशनने हे रेल्वेचं मर्जर अडवलं. कंपन्यांचं म्हणणं होतं की चीनची कंपनी येऊ घातलीय म्हणून आम्हाला मोठं व्हायचंय, कमिशनचं म्हणणं की युरोपातल्या सिग्नलिंगच्या आणि अतिवेगवान गाड्यांच्या बाजारात नजीकच्या काळात चिनी कंपनी दिसत नाही. सगळा वाद बाजार किती मोठा धरायचा आणि किती पुढचं बघायचं यावर. निर्णय आला त्याच महिन्यात फ्रान्स आणि जर्मनीने औद्योगिक धोरणाचा जाहीरनामा काढून मर्जरचे नियम बदला म्हणून मागणी केली, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. युरोपच्या स्पर्धात्मकतेवरचा २०२४ च्या सप्टेंबरातला मारिओ द्राघी यांचा अहवालही टेलिकॉमच्या बाबतीत त्याच अंगाने बोलतो, आणि २०२५ मध्ये कमिशनने मर्जरच्या मार्गदर्शक सूचनांचा फेरविचार सुरू केला. म्हणजे या प्रश्नावर आत्ता केलेलं काम खरोखर कुणीतरी वाचेल अशी वेळ आहे.

एक हिशोब हाताने करून बघा

मर्जरच्या सूचनांमध्ये एचएचआय नावाचा निर्देशांक येतो, बाजार किती मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे हे सांगणारा. प्रत्येक कंपनीच्या मार्केट शेअरचा वर्ग करायचा आणि बेरीज. समजा चार मोबाईल कंपन्या आहेत, ३०, ३०, २५ आणि १५ टक्के. वर्ग ९००, ९००, ६२५, २२५, बेरीज २,६५०. आता २५ वाली आणि १५ वाली एकत्र आल्या, तर ४० चा वर्ग १,६००, अधिक ९०० अधिक ९००, झाले ३,४००. फरक ७५०. आता २००४ च्या सूचना काय म्हणतात, तर मर्जरनंतर आकडा १,००० च्या खाली असेल तर सहसा काळजी नाही, १,००० ते २,००० मध्ये असेल तर फरक २५० च्या आत हवा, २,००० च्या वर असेल तर १५० च्या आत. आपला फरक ७५०, म्हणजे ही केस आरामात खोलात जाणार.

पण इथेच थांबू नका. हा आकडा फक्त दार उघडतो. १५ टक्केवाली कंपनी मवाळ असेल तर एक गोष्ट, आणि तीच दरवर्षी भाव पाडून सगळ्यांना धावायला लावणारी असेल तर अगदीच वेगळी, आणि एचएचआयला हा फरक दिसतच नाही.

नेदरलँड्स आणि ऑस्ट्रिया

याच मुद्द्यावर माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, आणि तुम्हाला पद्धत शिकायची असेल तर हेच एक नीट वाचा. एप्रिल २००६ मध्ये कमिशनने ऑस्ट्रियात टी-मोबाईलला टेले.रिंग विकत घ्यायची परवानगी दिली. टेले.रिंग छोटी होती पण भाव पाडण्यात आघाडीवर, म्हणून कमिशनने अट घातली की तिच्या थ्रीजीच्या फ्रिक्वेन्सी आणि टॉवरच्या जागा छोट्या स्पर्धकांना द्यायच्या. पाचाच्या चार कंपन्या झाल्या. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००७ मध्ये, नेदरलँड्समध्ये टी-मोबाईलने ऑरेंज घेतली, चाराच्या तीन झाल्या, आणि तिथे कमिशनने काहीच अट न घालता पहिल्याच टप्प्यात होकार दिला.

मग २०१५ मध्ये कमिशनने स्वतः, डच स्पर्धा संस्था आणि ऑस्ट्रियाच्या टेलिकॉम नियामकाबरोबर बसून, या दोन्ही मर्जरनंतर भावांचं काय झालं ते तपासलं आणि अहवाल छापला. आपलेच जुने निर्णय उघडून तपासणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते, असं सगळ्या देशांत झालं पाहिजे. निष्कर्ष असा की ऑस्ट्रियात मर्जरमुळे भाव वाढल्याचं दिसलं नाही, आणि नेदरलँड्समध्ये तुलनेच्या देशांपेक्षा भाव वाढले.

पटकन वाटतं की झालं, अटी घातल्या तिथे भाव वाढले नाहीत, घातल्या नाहीत तिथे वाढले, लिहा शिफारस. थांबा. नेदरलँड्समध्ये २००५ मध्येच केपीएन या सगळ्यात मोठ्या कंपनीने टेलफोर्ट विकत घेतली होती. म्हणजे दोन मर्जर लागोपाठ, आणि भाववाढ कुठल्यामुळे हे वेगळं काढणं अवघड. शिवाय पाचाच्या चार होणं आणि चाराच्या तीन होणं हेही सारखं नाही. हा अहवाल वाचताना तुमच्या वहीत दोन रकाने करा, एकात ‘काय सिद्ध झालं’, दुसऱ्यात ‘दुसरं कुठलं कारण असू शकतं’, आणि दुसरा रकाना रिकामा राहिला तर समजा की वाचन नीट झालेलं नाही.

आता पद्धत. मर्जरच्या आधीचा भाव आणि नंतरचा भाव यातला फरक काढून उपयोग नाही, कारण त्या काळात मोबाईलचे भाव सगळ्याच देशांत उतरत होते. म्हणून ज्या देशांत मर्जर झालं नाही तिथला फरक काढायचा, आणि आपल्या देशाच्या फरकातून तो वजा करायचा. फरकातला फरक. उरलं ते, बाकी सगळं सारखं असेल तर, मर्जरचं. ‘बाकी सगळं सारखं असेल तर’ या पाच शब्दांत तुमची सगळी मेहनत आहे. मर्जरच्या आधी निदान दोन-तीन वर्षं दोन्हीकडचे भाव एकाच चालीने जात होते का, याचा ग्राफ काढा, आणि तो ग्राफ प्रबंधात मॉडेलच्या आधी टाका. चाल जुळत नसेल तर तुलनेचा देश बदला. आणि तुलनेच्या देशात त्याच काळात काही उलथापालथ झाली नाही ना हे बघा, फ्रान्समध्ये जानेवारी २०१२ मध्ये ‘फ्री मोबाईल’ नावाची नवी कंपनी २ युरोचा प्लॅन घेऊन उतरली आणि भाव कोसळले, तर त्या काळासाठी फ्रान्सला ‘शांत’ देश म्हणून धरलंत तर शेजारच्या कुठल्याही देशात मर्जरने भाव वाढले असंच दिसेल.

स्वतः करायचंय तर पेट्रोल घ्या

टेलिकॉमचा डेटा जमवणं कष्टाचं आहे, प्लॅन सारखे बदलतात, कुणी मिनिटं घेतं कुणी डेटा घेतं. पहिल्यांदाच करत असाल तर जर्मनीचे पेट्रोल पंप घ्या, याच्याइतका भारी डेटा मला तरी माहीत नाही.

गोष्ट अशी की बुंडेसकार्टेलआम्टने २०११ मध्ये इंधन बाजाराचा अहवाल काढला आणि म्हटलं की अराल, शेल, येट, एसो आणि टोटाल या पाच कंपन्यांचं बाजारावर एकत्रित वर्चस्व आहे. त्यातून २०१३ मध्ये नियम आला की प्रत्येक पंपाने भाव बदलला की लगेच सरकारी यंत्रणेला कळवायचं, आणि मग ते अ‍ॅपवाल्यांमार्फत लोकांना दिसणार. पंप १४ हजारांच्या वर आहेत आणि भाव दिवसातून कितीतरी वेळा बदलतात, सकाळी ऑफिसच्या वेळेला चढे, संध्याकाळी उशिरा उतरलेले. हा सगळा इतिहास टँकरक्योनिग नावाच्या सेवेच्या संग्रहात दिवसाच्या फाइली करून ठेवलेला आहे, २०१४ च्या जूनपासून, पंपाचा आयडी, वेळ, डिझेल, ई५ आणि ई१० पेट्रोलचे भाव. वापरायच्या अटी आधी वाचून घ्या.

आता विचार करा. नियम २०१३ चा आणि हा डेटा २०१४ पासूनचा. म्हणजे ‘पारदर्शकतेच्या नियमाने भाव कमी झाले का’ हा प्रश्न या डेटावर विचारताच येत नाही, आधीचं काही नाहीच. ज्या संशोधकांनी तो प्रश्न हाताळला त्यांना आधीच्या काळासाठी दुसरीकडून भाव आणावे लागले, आणि गंमत म्हणजे एका अभ्यासात पेट्रोल महागल्याचं निघालं, दुसऱ्यात पंपांचं मार्जिन कमी झाल्याचं. तुलनेला कोण घेतलं आणि भाव कुठून आणले यावर उत्तर उलटलं. म्हणून कुणीही तुम्हाला सांगितलं की पारदर्शकता म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदाच, तर लगेच मान डोलावू नका, भाव सगळ्यांना दिसतात तेव्हा ते शेजारच्या पंपालाही दिसतात.

या डेटावर करता येईल असा प्रश्न सांगतो. १ जून ते ३१ ऑगस्ट २०२२ जर्मनीने इंधनावरचा कर कमी केला, पेट्रोलवर लिटरमागे २९.५५ सेंट, डिझेलवर १४.०४. त्यावर १९ टक्के व्हॅट धरला तर पूर्ण फायदा गिऱ्हाइकाला पोचल्यास पेट्रोल साधारण ३५.२ सेंटनी आणि डिझेल १६.७ सेंटनी स्वस्त व्हायला हवं. पोचलं का? आणि जिथे जवळपास एकच पंप आहे तिथे आणि जिथे पाच आहेत तिथे सारखंच पोचलं का? दुसरा भाग हाच खरा स्पर्धा धोरणाचा प्रश्न, आणि तो तुम्ही पंपाच्या अक्षांश-रेखांशावरून स्वतः काढू शकता. प्रत्येक पंपाच्या पाच किलोमीटरच्या आत दुसऱ्या ब्रँडचे किती पंप ते मोजा, गट पाडा, १ जूनच्या आधीचे आणि नंतरचे आठवडे घ्या.

तुलनेला फ्रान्स घ्यायचा मोह होईल, शेजारी आहे, डेटाही उघडा आहे. घ्या, पण सांभाळून. फ्रान्सने १ एप्रिल २०२२ पासून लिटरमागे १८ सेंटची सूट दिली होती आणि १ सप्टेंबरपासून ती ३० सेंट केली. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट सूट तीच होती, त्या खिडकीत फ्रान्स तुलनेला चालतो. पण जर्मन कर परत वाढला तो दिवस नेमका १ सप्टेंबर, त्याच दिवशी फ्रान्समध्ये सूट वाढली! म्हणजे ‘कर परत लावल्यावर किती भाव वाढला’ हे फ्रान्सशी तुलून काढलं तर उत्तर साफ चुकीचं येणार. दुसरा देश शोधावा लागेल. असल्या तारखांची एक यादी आधीच करून ठेवा, देश, तारीख, काय बदललं. फार कंटाळवाणं काम आहे पण पेपर यावरच टिकतो किंवा पडतो.

देशांचे सरासरी भाव हवे असतील तर कमिशन दर आठवड्याला तेलाचं बुलेटिन काढतं, करासह आणि कराशिवाय, सगळ्या सदस्य देशांचे. नेहमी कराशिवायचा भाव घेऊन त्यातून कच्च्या तेलाचा भाव वजा करून मार्जिन बघा. नुसत्या पंपावरच्या भावाने काही कळत नाही, त्यात निम्मा तर करच. ऑस्ट्रियाही लक्षात ठेवा, तिथे २०११ पासून पंपाला दिवसातून एकदाच, दुपारी बारा वाजता, भाव वाढवता येतो, कमी मात्र कधीही करता येतो. म्हणजे तीन शेजारी देश, तीन नियम, एकच कच्चं तेल.

सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नका. आर किंवा पायथन येत असेल तर छान, नसेल तर सुरुवातीला एकाच जिल्ह्यातले पंप घ्या आणि एक्सेलमध्ये करा. फक्त फाइलमधली वेळ कुठल्या टाइमझोनची आहे हे तपासा, उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात आणि सकाळचा चढा भाव एक तास सरकून सगळं वेडंवाकडं दिसतं. आणि दिवसाचा सरासरी भाव काढताना प्रत्येक बदलाची साधी सरासरी काढू नका, कुठला भाव किती वेळ टिकला त्याचं वजन द्या, रात्रभर असलेला भाव आणि दहा मिनिटं असलेला भाव सारखा धरून कसं चालेल?

डिजिटलवर करायचंच असेल तर

बऱ्याच जणांना डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टवरच काम करायचं असतं, समजू शकतो, विषय गरम आहे. कायदा २०२२ चा, सप्टेंबर २०२३ मध्ये अल्फाबेट, अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट यांना गेटकीपर ठरवलं, म्हणजे ज्यांच्या दारातून गेल्याशिवाय बाकी धंद्यांना गिऱ्हाइकापर्यंत पोचणं अवघड अशा बड्या कंपन्या, पुढे बुकिंग डॉट कॉमवाल्या कंपनीलाही, ७ मार्च २०२४ पासून पहिल्या सहा जणांना नियम पाळायचे होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅपलला ५० कोटी आणि मेटाला २० कोटी युरोचा पहिला दंड झाला. वर इंटेल आणि गूगलच्या तारखा दिल्या त्यातूनच हा कायदा आलाय, गुन्हा झाल्यावर पंधरा वर्षं भांडण्यापेक्षा आधीच नियम सांगून ठेवायचे.

पण अडचण अशी की तारीख सगळ्या देशांना एकदमच लागू झाली, त्यामुळे युनियनमध्ये तुलनेचा देश उरत नाही. बाहेरचा घ्यावा लागतो, ब्रिटन, स्वित्झर्लंड वगैरे. आणि कंपन्यांचे स्वतःचे अनुपालन अहवाल हा डेटा म्हणून वापरताना कोण लिहितंय ते विसरू नका. भारतातही मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला तो बराचसा याच वळणाचा होता, त्यामुळे युरोपात काय चाललं आणि काय नाही हे कुणी मोजून दाखवलं तर दिल्लीतही ते लागणार आहे. मी तरी म्हणेन, आधी पेट्रोलवर हात बसवा मग इकडे या.

शिफारस लिहिताना

निकाल हातात आला की शेवटच्या प्रकरणात सगळ्यांचा सूर चढतो, ‘कमिशनने अधिक सक्षम व्हावं’. कशाने? कोणी? कुठल्या कलमाने? शिफारस अशी लिहा की ब्रुसेल्समधला किंवा बॉनमधला माणूस ती उद्या टेबलावर घेऊ शकेल. उदाहरणार्थ, मर्जरला अट घालून परवानगी दिली तर अमुक वर्षांनी भावांची तपासणी व्हावी आणि त्यासाठी लागणारा डेटा देण्याची अट मूळ निर्णयातच असावी. ही शिफारस डच केसवरून सरळ निघते, कारण तिथे नंतर भाव गोळा करतानाच निम्मी शक्ती गेली असणार हे कुणालाही दिसतं. बदलाला कायदा लागतो की नुसती मार्गदर्शक सूचना पुरते हेही लिहा, कायद्याला संसद आणि सदस्य देशांची संमती लागते, सूचना कमिशन स्वतः बदलू शकतं.

रिसर्चने काही बदलत नाही असं वाटत असेल तर २००२ आठवा. त्या एका वर्षात जनरल कोर्टाने कमिशनचे तीन मर्जर-नकार रद्द केले, एअरटूर्स, श्नायडर आणि टेट्रा लावाल, मुख्य तक्रार हीच की आर्थिक पुरावा कच्चा आहे. पुढच्याच वर्षी कमिशनने मुख्य अर्थतज्ज्ञाचं पद तयार केलं आणि २००४ मध्ये मर्जरची कसोटीच बदलली. जर्मनीतही २०२२ च्या इंधनभावाच्या गदारोळानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा बदलला, आता बुंडेसकार्टेलआम्ट बाजाराचा अभ्यास करून, कुणी कायदा मोडल्याचं सिद्ध न करताही, उपाय लावू शकतं.

आणि काम झालं की ते कॉलेजच्या लायब्ररीत धूळ खात ठेवू नका. कमिशन कुठलाही नियम बदलण्याआधी जनतेकडून मतं मागवतं, त्याचं एक पोर्टल आहे, अकाउंट काढायचं आणि लिहायचं, भारतात बसूनही चालतं, युरोपचं नागरिकत्व लागत नाही. सुरुवातीच्या टप्प्यावर साधारण चार आठवडे असतात, पूर्ण सल्लामसलतीला बारा. विषयाला सबस्क्राइब करून ठेवा म्हणजे मेल येतो. सुरुवातीच्या टप्प्याच्या चौकटीत ४,००० अक्षरांची मर्यादा असते, त्यात पहिल्या दोन ओळींत निष्कर्ष टाका, मग डेटा कुठला आणि पद्धत काय ते तीन ओळींत, मग शिफारस, आणि पूर्ण पेपर पीडीएफ म्हणून जोडा. तुमचं मत साइटवर छापलं जातं, त्यामुळे पाठवायच्या आधी गाइडला दाखवा आणि आकडे दुसऱ्या कुणाकडून तरी एकदा परत मोजून घ्या.